बदकाचे कंडक्टर

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांना पुढे सरकवलं. बसमध्ये कंडक्टर होते. दारात लटकलेल्याला आत घ्यायचं, आतल्याला पुढे ढकलायचं, पुढच्याला खाली उतरवायचं, ह्यातच केस पिकले. घरी आले तरी तेच. मी स्वयंपाकघराच्या दारात जरा उभी राहिले की मागून आवाज, "दार अडवू नका, आत सरका." मी म्हणायची, "अहो, हे माझं स्वयंपाकघर आहे, तुमची बस नाही." तर म्हणायचे, "मग बसून घे की. जागा आहे तर उभी कशाला?"

असा हा माणूस. ड्रायव्हरचं ऐकलं नाही, साहेबाचं ऐकलं नाही, माझं तर सोडूनच द्या. आणि तो म्हातारपणी सहा-सहा वर्षांच्या पोरांचे हुकूम ऐकत खुर्चीत बसला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खरं वाटायचं नाही. शाळेच्या ग्रुपवर नवीन आलेले पालक विचारतात, हे आजोबा कोण हो, आमचं पोर रोज त्यांच्याच गोष्टी ऐकून घरी येतं. म्हणून म्हटलं, मीच सांगते. माझ्याइतकं ह्यांना कोण ओळखणार.

तर आमची सून शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवते. आधी ती सगळ्यांसारखीच शिकवायची. फळ्यावर लिहायचं, पोरांनी उतरवून काढायचं. पोरं लिहायची मोत्यासारखं, पण तोंड उघडायची नाहीत. हिने विचारलं, "व्हॉट इज धिस?" की अख्खा वर्ग एका सुरात, "व्हॉट इज धिस." म्हणजे प्रश्न हिच्याच पदरात परत. घरी येऊन डोकं धरून बसायची. हे म्हणायचे, "अगं पोरी, मुलं हुशार आहेत. विचारणाऱ्यालाच विचारतात."

मग तिने काय केलं, माझ्या लेकाचा जुना व्हिडिओ गेम माळ्यावरून काढला. टीव्हीला जोडायचा असतो तो. शाळेत जिन्याखाली एक खोली होती, मोडके बाक ठेवायची. ती झाडून घेतली, टीव्ही लावला आणि वर्ग तिथे नेला. त्या खेळात एक पिवळं बदक. मोठं घर. घरात बदकाची पिल्लं हरवलेली. एक पलंगाखाली, एक पडद्यामागे, एक कपाटावर. बदकाला खोल्याखोल्यांतून चालवायचं आणि पिल्लं गोळा करायची. वाटेत पाण्याच्या बादल्या ठेवलेल्या. बादलीत पडलं की सगळं पहिल्यापासून.

तिची युक्ती अशी की रिमोट पोरांच्या हातात द्यायचाच नाही. तो बाईंच्या हातात. पोरांनी नुसतं सांगायचं, आणि सांगायचं इंग्रजीत. बोट दाखवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. सांगाल तसं बदक चालणार. खेळासाठी पोरं काय वाटेल ते करतील, बोलतीलसुद्धा, असा तिचा अंदाज.

पण पोरं तिच्यापेक्षा बेरकी. पहिल्याच दिवशी एकाने ओळखलं. म्हणाला, "बाई, तुम्हाला खेळता येतं. उगीच पडताय तुम्ही." झालं. सगळी हाताची घडी घालून बसली. ज्याला येतं त्याला कशाला सांगायचं? तीही बरोबरच म्हणा.

त्या दिवशी जेवताना सून ह्यांच्याकडे टक लावून बघत होती. हे घास तोंडात धरून थांबले.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला काय काय येत नाही?"

"मला सगळं येतं."

"खरं सांगा ना."

"अगं, सगळं येतं म्हटलं ना."

मी म्हटलं, "मी सांगते. इंग्रजी येत नाही. ते टीव्हीतले खेळ येत नाहीत. आणि दुसऱ्याचं ऐकून घेणं तर मुळीच येत नाही."

सुनेने असा चेहरा केला जसा काही मी दागिना दिला. "बाबा, तुम्ही माझ्याबरोबर उद्या शाळेत येणार."

"कशाला?"

"काही न येण्यासाठी."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस चुकलेल्या माणसानेही मागच्या दिव्याकडे तसं बघू नये. पण सुनेला नाही म्हणणं ह्यांना कधी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. डबा द्यायला मागाहून मी गेले, म्हणून मला बघायला मिळालं.

पोरांनी आधी ह्यांची परीक्षा घेतली. एका चष्मेवाल्याने विचारलं, "आजोबा, लेफ्ट म्हणजे काय?" हे म्हणाले, "लिफ्ट? लिफ्ट नाही इथे, जिना आहे." पोरं इतकी खूश झाली. खरंखुरं अडाणी गिऱ्हाईक मिळालं. मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. हे रिमोट उलटा धरून बसलेले. पोरं ओरडतायत गो, गो, आणि बदक आपलं भिंतीला चोच घासतंय. मग एकाला कळलं की नुसतं गो सांगून भागत नाही, कुठे गो ते सांगायला लागतं. मग लेफ्ट आलं, राइट आलं. पलंगाशी जाऊन बदक उभं राहिलं तर पोरांना खालीचा शब्द सापडेना. हे म्हणतायत, "बोला, बोला, गाडी थांबलीये, मागे रांग लागली." शेवटी पोरांनीच सुनेला विचारलं, बाई, खाली म्हणजे काय? आणि एकदा अंडर कळलं की छप्पर उडेपर्यंत अंडर अंडर अंडर.

बदक पहिल्यांदा बादलीत पडलं तेव्हा हे भांडायला उठले. "बदक आहे ना ते? पाण्यात पडलं तर पोहेल की. मेलं कसं?" मग बदक कसं मेलं ह्याची चौकशी इंग्रजीतच झाली पाहिजे असं सुनेने ठरवलं. पोरांना त्यावर अख्खा तास पुरला.

एक मुलगी होती, तिला सगळे छोटी म्हणायचे. वर्गात सगळ्यांत बारकी. ती इंग्रजीतला एकच शब्द वापरायची, नो. पण त्या एका शब्दावर ती ह्यांना घरभर फिरवायची. हे डावीकडे वळले, "नो." उजवीकडे वळले, "नो." मागे फिरले तर गप्प. म्हणजे मागेच जायचं. घरी येऊन हे म्हणायचे, "आपल्या डेपोच्या साहेबाला अशी मुलगी हवी होती. सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्या असत्या."

हळूहळू काय झालं, गल्लीत हे निघाले की पोरं खिडकीतून हाका मारायला लागली. "आजोबा, स्टॉप." हे थांबायचे. "आजोबा, गो बॅक." हे खरंच दोन पावलं मागे. एकदा नळाचं पाणी रस्त्यावर साचलं होतं, कुणीतरी वरून ओरडलं, "आजोबा, जंप." आणि ह्या वयाचा माणूस पिशवीसकट उडी मारून गेला. शेजारीण मला विचारते, "ह्यांना काय झालंय हो?" मी म्हटलं, "शाळेत घातलंय त्यांना."

पण एक अडचण होती. हे काही ठोंब नव्हते. ऐकून ऐकून लेफ्ट राइट कळायला लागलं, बोटंही वळायला लागली. तिकिटं फाडून फाडून अंगठा तयारच होता. सुनेला ते दिसलं. तिने एक दिवस ह्यांना समोर बसवून सांगितलं, "बाबा, एक लक्षात ठेवा. तुम्हाला येत नाही हीच तुमची नोकरी. तुम्ही न सांगता बरोबर गेलात की पोरं गप्प. कितीही वाटलं तरी थांबायचं. त्यांनी सांगेपर्यंत बदक हलवायचं नाही."

"म्हणजे बेल वाजल्याशिवाय गाडी सोडायची नाही," हे म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग हे आधी नाही का सांगायचं."

पुढे शाळेत नवीन मोठ्या बाई आल्या. शिस्तीच्या. त्या फिरत फिरत जिन्याखाली गेल्या आणि दार उघडून बघतात तर एक म्हातारा खुर्चीत बसून बदक खेळतोय आणि तीसेक पोरं त्याच्यावर ओरडतायत. आता तुम्हीच सांगा, त्यांनी काय समजायचं? त्यातून दोन-तीन पालकांनी आधीच तक्रार केलेली, आमची मुलं शाळेत गेम खेळतात म्हणून. मोठ्या बाईंनी सुनेला बोलावून घेतलं. म्हणाल्या, पालकांच्या दिवशी सगळ्यांसमोर होऊ दे तुमचा तो खेळ. मुलं इंग्रजी बोलली तर चालू ठेवा. नाही बोलली तर टीव्ही घरी न्या आणि फळ्याकडे या.

घरी येऊन सुनेने हे सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तसं झालं तर मी शाळा सोडणार. उतरवून घ्यायला मी कशाला लागते?"

ती एकदाच म्हणाली. पण तिचं एकदा म्हणजे शंभरदा. आणि ती शाळेशिवाय घरात बसली तर तिचं काय होईल ते मला माहीत होतं आणि ह्यांनाही. हे काही बोलले नाहीत. मला वाटलं, बरं झालं, शहाण्यासारखे गप्प राहिले. आमचे हे गप्प राहिले की काळजी करायची असते, हे मी इतक्या वर्षांत विसरले कशी कोण जाणे.

पालकांच्या दिवसाआधी शाळेला सुट्टी होती आणि त्या खोलीला रंग द्यायचा होता. म्हणून सून टीव्ही तिथेच झाकून ठेवून खेळाचं यंत्र तेवढं घरी घेऊन आली. त्या खेळात एक घर संपलं की त्याहून अवघड दुसरं उघडायचं, आणि पालकांच्या दिवशी तिसरं घर खेळायचं ठरलं होतं. तिसरं घर म्हणजे भलतंच अवघड. पोरं तिथे पोचून नुकतीच अडकली होती.

सून दुपारी रंगाचं काम बघायला शाळेत जायची आणि मी शेजारी उशांचे अभ्रे शिवायला. त्या वेळी हे झोपायचे. आता गंमत ऐका. मी परत आले की आमचा टीव्ही असतो त्या आतल्या खोलीतून आवाज यायचा, क्वॅक. मग शांत. मग परत क्वॅक क्वॅक. मी दार ढकललं की हे पालथे पडून घोरत असायचे. मी सुनेला म्हटलं, "तुझे सासरे झोपेत बदकासारखे ओरडतात गं." ती हसली, म्हणाली, "आई, फार मनावर घेतलंय त्यांनी." मीही हसले. आम्ही दोघीही शहाण्या.

पालकांचा दिवस आला. मोठी खोली, मोठा टीव्ही, खुर्च्यांवर आईबाप, पुढे मोठ्या बाई. पोरं जमिनीवर, बोलायला टपलेली. हे मधे खुर्चीत. केसांना तेल, शर्टाला कडक इस्त्री. सुनेने सगळ्यांना सांगितलं, आजोबांना हा खेळ येत नाही, मुलं त्यांना इंग्रजीत वाट सांगतील. आणि तिने ह्यांना इशारा केला. म्हणजे बेल दिली.

आणि गाडी जी सुटली.

पोरांनी तोंड उघडलं, "गो—" तोवर बदक दाराबाहेर. कुणीतरी "ले—" म्हणेपर्यंत पलंगाखालचं पिल्लू काखेत. पडद्यामागे गेलं, कपाटावर चढलं, बादलीला वळसा घातला, दुसऱ्या बादलीवरून उडी, जिना, माळा. सगळी पिल्लं गोळा करून बदक शेवटच्या दारात, आणि टीव्हीत बाजा वाजायला लागला. एकाही थांब्यावर थांबले नाहीत. पोरं नुसती बघत होती. तोंडं उघडीच.

मागून आईबापांनी टाळ्या वाजवल्या. हे खुर्चीत वळले आणि सुनेकडे असे बघायला लागले जसा काही चंद्र खाली आणून दिला.

मोठ्या बाई म्हणाल्या, "आजोबा छानच खेळतात. पण इंग्रजी कुठंय?"

सुनेचा चेहरा पांढरा पडला. ती ह्यांच्याजवळ जाऊन अगदी हळू म्हणाली, "बाबा, हे काय केलंत?"

"अगं, तुझी नोकरी जायची वेळ," हे म्हणाले, "आणि मी बादलीत पडत बसू? दुपारच्या दुपारी घालवल्यात मी. एक चूक केली नाही."

"तेच तर," ती म्हणाली.

तेव्हा कळलं ह्यांना. मी समोर बसले होते, मी बघितलं. चेहरा कसा उतरत गेला ते. रिमोट मांडीवर ठेवला आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना त्यांना. इतक्या वर्षांत गाडी बिघडली, अपघात होता होता राहिला, तेव्हाही हा माणूस असा बसलेला मी पाहिला नव्हता. मोठ्या बाई उठायच्या बेतात. मी देवाला म्हटलं, आता ह्या माणसाला परत काही न येण्यासारखं कर रे बाबा.

आणि छोटी उठली. रागाने लाल झालेली. का लाल झालेली सांगू का, ती त्या तिसऱ्या घरासाठी सुट्टीभर थांबली होती आणि आजोबांनी एकट्याने खाऊन टाकलं. ती तरातरा ह्यांच्या मागे गेली, खुर्चीच्या मागच्या दांडीवर चढली, आणि दोन्ही हातांनी ह्यांचे डोळे गच्च झाकले.

"नो, आजोबा," ती म्हणाली. आणि मग थोडं थांबून, "अगेन."

मग त्या चष्मेवाल्याने उठून खेळ पहिल्यापासून लावला. ह्यांनी चाचपडत रिमोट उचलला आणि भरल्या खोलीत म्हणाले, "मला काही दिसत नाहीये. सांगा."

त्यानंतर जे सुरू झालं. "गो स्ट्रेट. स्टॉप. आजोबा, स्टॉप. नॉट लेफ्ट, द अदर लेफ्ट." अदर लेफ्ट म्हणजे काय ते देव जाणे, पण हे बरोबर वळले. "अंडर द बेड. मोअर. लिटल मोअर." एक पोरगा आपल्या आईच्या पायाशी उभा राहून ओरडत होता, ती बिचारी त्याच्याकडे बघतच राहिली, घरी हाच मुलगा म्हणे पाणी मागायलाही लाजतो. बदक बादलीत पडलं तेव्हा सगळे मिळून ओरडले, "ओ नो," आणि लगेच "अगेन." हे एकदाही आपल्या मनाने हलले नाहीत. माळ्यावर वाट होती चिंचोळी, दोन बादल्यांमधून. पोरं शब्द शोधतायत. हे थांबलेले. कपाळावर घाम. ती वाट ह्यांना तोंडपाठ होती, मला नंतर म्हणाले, डोळे झाकूनही गेलो असतो. पण बेल नव्हती ना. वर छोटी ह्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "स्लो. स्लो. नाऊ गो." नो आणि अगेन सोडून तिचे तेच पहिले शब्द, निदान आम्ही ऐकलेले. आणि बदक गेलं.

त्या गडबडीत मोठ्या बाई खुर्चीवरून अर्ध्या उठून "बिहाइंड यू, बिहाइंड यू" म्हणत होत्या. त्या नंतर नाही म्हणतात. पण मी शेजारीच होते.

खोली सुनेकडेच राहिली. टीव्ही मोठा मिळाला. पोरांनी मात्र ठराव केला की आजोबांनी ह्यापुढे डोळ्यांवर रुमाल बांधूनच बसायचं, त्यांचा काही भरवसा नाही. तो चौकडीचा रुमाल मी शिवला. त्या दिवशी परत येताना हे रस्त्यात म्हणाले, "काय गं, आज जरा जास्तच चांगला खेळलो ना?" मी म्हटलं, "पुढे सरका. दार अडवू नका."

मग काही वर्षांनी ह्यांना दुखणं आलं आणि फार दिवस राहिलं नाही. दवाखान्यात नर्स म्हणाली, आजोबा, जरा डाव्या कुशीवर वळा. हे म्हणाले, "इंग्रजीत सांगा." ती म्हणाली, "टर्न लेफ्ट." मग वळले. शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं तेव्हा मीही म्हणून बघितलं. बॅक, अहो, गो बॅक. माझं इंग्रजी कच्चं. किंवा बेल दुसऱ्या कुणीतरी दिली असेल.

ते गेल्यावर खेळ बंदच होता. रुमाल माझ्या उशीखाली. परवा जेवताना सून माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मला कळलं, आता आपली पाळी.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला काय काय येत नाही?"

मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांशिवाय राहता येत नाही."

तिने माझ्या ताटात भात वाढला. मी तो कालवला. मग म्हटलं, "बाकी इंग्रजी येत नाही आणि ते बदक येत नाही."

सोमवारी गेले. छोटी आता वरच्या वर्गात, चांगली उंच झालीये, पण ती आणि तो चष्मेवाला मुद्दाम आले होते. तिने मला खुर्चीत बसवलं, हातात रिमोट दिला, तोही सरळ करून दिला, आणि मागे जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, माझे डोळे झाकायची गरज नाही गं, मला खरंच काही येत नाही. तर ती चष्मेवाल्याला काय म्हणाली माहितीये? "आजोबा पण असंच म्हणायचे." आणि ह्यांचाच रुमाल बांधला मला.

खेळाचं यंत्र आता सुट्टीत घरी येत नाही. मोठ्या बाईंच्या कपाटात कुलपात असतं. आमच्या घरातल्या माणसांवर शाळेचा विश्वास नाही.